आधी अनुभव सांगा

माझा स्वभाव वाईट आहे हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको लपवलं म्हणून. कुणी माझी चूक दाखवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नवरा म्हणतो, तुला भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी तू तुझी डिग्री सांगायला लागतेस. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या नजरेतले दोष काढतो आणि लोक वर त्याला थँक्यू म्हणतात. त्याला माझं दुखणं काय कळणार!

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. छत कशावर टांगायचं, खांब किती जाड ठेवायचा, तुळई कुठे वाकेल, हे ठरवणं हा माझा धंदा. पंधरा वर्षं करतेय. आमच्या धंद्यातल्या लोकांची इंटरनेटवर एक बैठकीची जागा आहे, सगळे तिला कट्टा म्हणतात. तिथे खऱ्या नावाने कुणी वावरत नाही. मी तिथली 'पोलादी'. प्रत्येक नावाखाली एक पट्टी असते आणि तिच्यात ज्याने त्याने आपला अनुभव लिहायचा. माझ्या पट्टीत होतं, 'पंधरा वर्षे. एकशे सहा कामे. एकही तक्रार नाही.' म्हणायला तिथे लोक एकमेकांना सल्ला द्यायला जमतात. प्रत्यक्षात जो तो आपली टिमकी वाजवतो. मीही वाजवायचे, आणि माझी चार घरं पलीकडे ऐकू जायची.

कट्ट्यावरचा एक नियम तर माझाच आहे. कुणी माझ्या कामात खोट काढली की मी फक्त एवढंच लिहायचे, 'आधी अनुभव सांगा, मग बोला.' समोरच्याची पट्टी माझ्यापेक्षा आखूड निघाली की तो गप्प. बघता बघता सगळेच ते वाक्य वापरायला लागले. शेवटी कट्टाप्रमुखाने, म्हणजे ती जागा चालवणाऱ्या माणसाने, ते पानाच्या डोक्यावर ठळक छापून टाकलं. त्या दिवशी मी घरी सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं होतं.

माझं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे आमच्या घरापासून दहा मिनिटांवरचा बंदिस्त तरणतलाव. वर पत्र्याचं छप्पर, त्याच्याखाली सिमेंटच्या पातळ फरश्यांचं दुसरं छत, आणि ते दुसरं छत दोनशे चाळीस सळ्यांनी वरच्या तुळयांना टांगलेलं. मालक म्हणत होते, जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या सळ्या लावा, सगळे त्याच लावतात. मी म्हटलं, छे! स्टेनलेस लावा. पाण्याची जागा आहे, याला गंज चढत नाही, शंभर वर्षं वर बघायला नको. काम झाल्यावर त्या छताचं ड्रॉइंग मी कट्ट्यावर फुकट ठेवलं आणि खाली लिहिलं, 'घ्या, शिका.' कुणी कुणी डाउनलोड केलं ती नावं आणि आकडा तिथे दिसतो. चारशे बारा. त्या चारशे बारा जणांची यादी मी छापून ऑफिसच्या भिंतीवर लावली होती. हसू नका, तुमच्याही घरात काहीतरी असेलच लावलेलं.

आमची मुलगी त्याच तलावात पोहते. अकरा वर्षांची आहे, बाप तिला बेडकी म्हणतो. रोज सकाळी सहा ते सात, लाल टोपी घालून, चौथ्या लेनमध्ये. मी काठावरच्या बाकावर बसते. तिथली हवा उबदार, दमट, क्लोरीनने नाक झणझणतं. मुलांच्या आरोळ्या घुमतात आणि मी मोबाइलवर कट्टा वाचत बसते. डोक्यावर माझं छत. खरं सांगते, कुठल्याही देवळात मला इतकं बरं वाटलेलं नाही.

त्या सोमवारी तलावाला आठ वर्षं झाली. मी छताचा फोटो काढला आणि तिथूनच कट्ट्यावर टाकला. 'आठ वर्षे. एक चरा नाही. असं काम करायला छाती लागते.' पाच मिनिटांत टाळ्यांचा पाऊस. 'जुना खांब' नावाचे एक बुजुर्ग आहेत, निवृत्त, दिवसभर कट्ट्यावरच असतात. त्यांनी लिहिलं, 'वा पोलादी! नव्या पोरांनी बघा जरा.' आणि सव्वासहाला त्याच्याखाली एक ओळ आली.

'छत टांगलंय त्या सळ्या कसल्या आहेत?'

लिहिणाऱ्याचं नाव शिकाऊ. पट्टी कोरी. मी आधी बारीक हसले. मग लिहिलं, 'स्टेनलेस. बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात महाग. आणि तुमचा अनुभव?' मी मान वर केली तेव्हा बेडकी काठाला हात लावून परत फिरत होती.

मंगळवारी, पुन्हा सव्वासहाला, 'स्टेनलेसला तलावाच्या हवेत काही होतं का?'

आता मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी चौदा ओळी लिहिल्या. कुठे शिकले, कुणाच्या हाताखाली होते, किती मजले उभे केले, कुठल्या परिषदेत भाषण दिलं, सगळं. चौदा ओळींत त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मला वाटत होतं मी त्याची चांगली जिरवली. जुना खांब मदतीला धावले, 'बाळ, आधी मिसरूड फुटू दे.' तीस जणांनी हसरे चेहरे टाकले. मी फोन पर्समध्ये टाकला आणि मुलीचा टॉवेल घेऊन उठले.

बुधवारी फोटो आला.

मागे काळोख. मध्ये एक सळई, तिच्या टोकाला नट. सळईवर तपकिरी ठिपके, कपबशीला चहाचे डाग राहतात तसे. आणि एका डागाकडे दाखवणारा कुणाचा तरी अंगठा. खाली लिहिलं होतं, 'हे काय आहे?'

मी लिहिलं, 'कुठलाही फोटो कुठूनही उचलून आणता येतो.' लिहिलं खरं, पण माझं लक्ष त्या नटावर होतं. नटावर निळ्या रंगाची तिरकी रेघ होती. मी आवळलेला प्रत्येक नट तपासून झाला की त्याच्यावर निळी रेघ ओढते. माझी सवय आहे, दुसरं कुणी करत नाही. आणि छत बंद झाल्यावर वर जायची झडप मी स्वतः चिकटपट्टी लावून, तिच्यावर सही करून बंद केली होती. आठ वर्षांपूर्वी.

दिवसभर कामात लक्ष लागेना. संध्याकाळी नवऱ्याच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "अरे, हा फोटो बघ. आमच्या कट्ट्यावर कुणीतरी माझी खोडी काढतंय."

"कुणी केली ही हिंमत?" म्हणत त्याने डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "खोडी कसली? हा अंगठा तुझाच आहे."

"काहीतरीच काय!"

"अगं, तेरा वर्षं बघतोय मी हा हात. नख मधोमध चिरलेलं, उजवी बाजू जरा उचललेली. बघ." त्याने माझा हात ओढून फोटोशेजारी ठेवला. मी नोकरीला लागले त्या दुसऱ्याच वर्षी या अंगठ्यावर लोखंडी शिकंजा पडला होता. तेव्हापासून नख दुभंगून वाढतं. "फक्त एक आहे," तो म्हणाला, "फोटोत नखाखाली रक्त साकळलंय. काळं दिसतंय. म्हणजे लागल्यावर दोन-चार दिवसांतला आहे. तेव्हाचा फोटो असेल तुझा."

तेव्हाचा कसा असेल? तेव्हा तलावच नव्हता. तो माझ्याकडे बघून हसला आणि मग हसायचा थांबला. दुकानात भिंतभर चष्मे मांडलेले होते आणि मला तिथे उभं राहवेना.

घरी जाऊन कट्टाप्रमुखाला फोन लावला. मी म्हटलं, हा शिकाऊ कोण आहे ते मला आत्ताच्या आत्ता सांगा. त्याने शोधून बघितलं आणि म्हणाला, "चेष्टा करतेस का माझी? खातं तेरा वर्षांपूर्वीचं आहे, कट्टा सुरू झाला त्या आठवड्यातलं. ईमेलचा पत्ता तुझाच आहे."

आणि मला आठवलं.

शिकाऊ मीच होते. दोन वर्षांचा अनुभव, अंगठ्याला पट्टी, आणि डोक्यात शंका. कट्ट्यावर नवीन आले तेव्हा मोठ्या उत्साहाने एकच प्रश्न विचारला होता. कुठल्याशा पुस्तकाच्या तळटीपेत काहीतरी वाचलं होतं म्हणून विचारलं होतं, की स्टेनलेसला तलावाच्या हवेत काही होतं का. एकतीस उत्तरं आली. एकतीसच्या एकतीस, 'तुमचा अनुभव किती?' एकाने तर लिहिलं, 'बाई, आधी घरचं छत झाडा.' रात्रभर रडले होते मी. सकाळी प्रश्न पुसून टाकला, नवं नाव घेतलं, पोलादी, आणि ठरवलं की पुन्हा मला कुणी हे विचारणार नाही, मीच सगळ्यांना विचारीन. प्रश्नाचं उत्तर मात्र राहूनच गेलं. पाच वर्षांनी तलावाचं काम हाती आलं तेव्हा तो प्रश्न मला आठवलासुद्धा नाही. की आठवला आणि मी गिळला? खोटं नाही बोलत, मला सांगता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ही बाई शिडी घेऊन वर चढली असेल. नाही. मी कट्टाप्रमुखाला म्हटलं, ते खातं बंद करून टाका. त्याने केलं. मी म्हटलं, सुटले.

गुरुवारी सकाळी बाकावर बसले. सहा वाजून चौदा मिनिटं. मी फोन बघायचा नाही असं ठरवलं होतं आणि फोन हातातच होता. सव्वासहाला बंद केलेल्या खात्यावरून फोटो आला. या वेळी खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

फोटो वरून घेतलेला होता. दोन फरश्यांच्या मधल्या फटीतून. खाली निळं पाणी, चौथ्या लेनमध्ये लाल टोपी, आणि काठावरच्या बाकावर एक बाई, मान खाली घालून फोन बघत बसलेली. तिच्या खांद्यावर पिवळा टॉवेल होता. मी माझ्या खांद्यावर हात नेला. टॉवेल होता.

मी वर बघितलं. छत होतं तसंच, पांढरं, स्वच्छ. चौथ्या लेनवरची फट मला बरोबर सापडली. तिच्या आत नुसता अंधार होता, आणि मला अगदी खात्री वाटली की तिथून कुणीतरी माझ्याकडे बघतंय आणि माझी वाट बघतंय. मी घाबरले. साधी, सरळ घाबरले. माझी पाचावर धारण बसली.

तलावाची देखभाल करणारे काका पंपाच्या खोलीत होते. त्यांना म्हटलं, "काका, पाना द्या आणि झडपेची शिडी लावा."

"मॅडम, आत्ता? मुलं आहेत पाण्यात."

"म्हणूनच आत्ता."

झडपेवरची चिकटपट्टी पिवळी पडली होती पण शाबूत होती. तिच्यावर माझी सही, आठ वर्षांपूर्वीची तारीख. कुणी हात लावलेला नव्हता. मी ती फाडली आणि आत डोकं घातलं. आत गुडघ्यावर रांगत जाता येईल एवढी जागा, मधून एक फळ्यांची वाट. फळ्यांवर धुळीचा जाड थर. त्या धुळीवर एकसुद्धा पाऊल, एकसुद्धा बोट उमटलेलं नव्हतं. टॉर्च मारत मी चौथ्या लेनवर पोचले. खालून मुलांचा आवाज येत होता आणि त्यात मला बेडकीचं खिदळणं वेगळं ऐकू येत होतं.

सळ्यांवर डाग होते. तपकिरी, चहासारखे. म्हटलं, एवढ्याशा डागाने काय होतंय? पंधरा वर्षांचा अनुभव बोलत होता, दुसरं कोण! मी पाना एका नटाला लावला आणि जरासा, अगदी जरासा दाब दिला. खटकन् आवाज झाला. बोटाएवढी जाड सळई वाळक्या काटकीसारखी मोडली, उसळली आणि माझ्या त्याच चिरक्या नखाच्या अंगठ्यावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पलीकडच्या सळीला हात लावला तर ती हातात गोल फिरली. आधीच मोडलेली होती, नुसती लोंबत होती. तिच्या पलीकडची तशीच. तिच्याही पलीकडची तशीच. त्या ओळीतल्या वीस सळ्यांपैकी अकरा मोडलेल्या, आणि बाकीच्या नऊ माझ्या मुलीच्या डोक्यावर ते छत धरून होत्या.

स्टेनलेसला गंज दिसत नाही. क्लोरीनच्या हवेत ते आतून तडकत जातं आणि बाहेरून फार तर चार डाग पडतात, बाकी चमकत राहतं. साध्या सळ्या लावल्या असत्या तर गंजून लाल झाल्या असत्या, कुणाला तरी दिसलं असतं, वेळेवर बदलल्या असत्या. हे तेव्हाही पुस्तकात होतं. तळटीपेत होतं.

मी त्या फटीला तोंड लावून ओरडले, "बाहेर काढा सगळ्यांना! पाण्यातून बाहेर!" पोहायला शिकवणाऱ्या बाई वर बघून म्हणाल्या, स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीय, पाच मिनिटं थांबा. मी त्यांना ज्या शब्दांत उत्तर दिलं ते शब्द माझी मुलगी अजून मला विसरू देत नाही. पण मुलं बाहेर आली. सगळी. चौतीस. मी वरून मोजली.

दुपारी साडेतीनला छत पाण्यात गेलं. काकांनी दारं बंद केली होती, आत चिटपाखरू नव्हतं. आवाज आमच्या घरापर्यंत आला. बेडकी माझ्या कुशीत शिरली आणि मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई, श्वास."

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे. इंजिनिअर बाईंच्या दक्षतेने चौतीस मुलं वाचली! आणि कट्ट्यावर तर विचारू नका. जुना खांब म्हणाले, 'याला म्हणतात अनुभव. पंधरा वर्षे उगाच नाही.' शेकडो टाळ्या. शिकाऊचं कुणी नावही काढेना.

शुक्रवारी सकाळी सवयीने सहाला जाग आली. कुठे जायचं नव्हतं. स्वयंपाकघरात बसले, ठणकणाऱ्या अंगठ्याने फोन धरला आणि लिहायला लागले. 'अनुभवी डोळ्याला खालूनसुद्धा कळतं. मला पहिल्यापासून शंका होती...' एवढं लिहून झालं होतं. कबूल करते, लिहिताना मला छान वाटत होतं. नवरा मागे चहा घेऊन उभा होता, त्याने वाचलं, कप माझ्यापुढे ठेवला आणि निघून गेला. तो असा निघून गेला की मला जास्त लागतं.

सव्वासहाला ओळ आली.

'किती जणांनी उतरवून घेतलंय?'

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. घ्या, शिका. चारशे बारा. चारशे बारा जणांनी माझं ड्रॉइंग घेतलं होतं, पोलादीचं आहे म्हणून, न तपासता. त्यांतल्या किती जणांनी तलाव बांधले असतील? किती छतं माझ्या सळ्यांवर लटकत असतील, आणि आत्ता, सकाळी सव्वासहाला, त्यांच्याखाली कुणाकुणाच्या बेडक्या असतील?

लिहिलेलं पुसलं. दुसरं लिहिलं. 'छत माझ्या चुकीने पडलं. मला शंका नव्हती, शंका घेणाऱ्याला मी चार दिवस हाकलत होते. माझं ड्रॉइंग ज्यांनी वापरलं असेल त्यांनी आजच्या आज तलाव रिकामे करा.' आणि पाठवून दिलं.

तासाभरात दोनशे उत्तरं. मी ज्यांची ज्यांची तोंडं बंद केली होती ते सगळे बोलायला लागले. मला राग आला असता तर सोपं गेलं असतं, पण त्यातली बरीचशी वाक्यं माझीच होती, मीच त्यांना कधी ना कधी सुनावलेली. सळ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. जुना खांब म्हणाले, 'मला तर पहिल्यापासून ही बाई पोकळच वाटायची.' दहा वाजता कट्टाप्रमुखाचा फोन आला. कट्ट्याची बदनामी होतेय, वाद नको. त्याने माझं खातं बंद केलं, ड्रॉइंग काढून टाकलं आणि माझा कबुलीजबाबही काढून टाकला. म्हणजे सावधगिरीची सूचनासुद्धा गेली. मी त्याला ओरडून सांगितलं, त्या चारशे बारा जणांना तरी कळवा. तो म्हणाला, "आधी तुझं निस्तर," आणि फोन ठेवला.

निस्तरायला बरंच आहे. चौकशी बसलीय, परवाना राहतो की जातो ते ठरायचंय. ते होईल तेव्हा होईल. मी ऑफिसात गेले, भिंतीवरची यादी काढली आणि घरी आणली. नुसती कट्ट्यावरची नावं. खरी माणसं कोण, कुठली, काही पत्ता नाही. त्यांना गाठायचं तर कट्ट्यावरूनच, आणि तिथे मला आता दार नाही.

शनिवारी पहाट होताच कट्ट्याचं पान उघडलं. नावाच्या चौकोनात आधीच नाव भरलेलं होतं. शिकाऊ. मी भरलं नव्हतं. पासवर्ड तेरा वर्षांपूर्वीचा काय असणार, कुणाला आठवतो? बोटांनी आपोआप काहीतरी टाइप केलं आणि दार उघडलं. बंद केलेलं खातं. शेवटची भेट, तेरा वर्षांपूर्वी. पाठवलेले संदेश, शून्य. सोमवारची ओळ नाही, फोटो नाहीत, काही नाही. पट्टी कोरी.

बेडकी यादी घेऊन शेजारी बसली होती. मोडलेली वीतभर सळई मी त्या दिवशी नटासकट खिशात घालून खाली आणली होती. शब्दांनी कुणी ऐकणार नाही, निदान फोटो तरी दाखवावा म्हणून ती टेबलावर ठेवली, मागे नवऱ्याच्या दुकानातलं काळं मखमली कापड धरलं, आणि डाग नीट दिसावा म्हणून त्याच्याकडे अंगठा दाखवून फोटो काढला.

फोटो बघितला. परत बघितला. काळोख. सळई. निळी रेघ. चिरलेलं नख, नखाखाली काळं रक्त. हाच फोटो. बुधवारी मला आलेला.

"आई, काय झालं?" बेडकी म्हणाली.

"काही नाही. पहिलं नाव वाच."

तिने वाचलं. मी त्या माणसाचं पान उघडलं. सव्वासहा वाजत होते. लांबलचक काहीतरी लिहायचं ठरवलं होतं, माझी चूक, तुमची मुलं, वगैरे, पण अनोळखी माणसाला एवढं सगळं एकदम सांगितलं तर तो वेडी म्हणेल. आधी सरळ विचारावं. मी लिहिलं, 'छत टांगलंय त्या सळ्या कसल्या आहेत?'

उत्तर मिनिटभरात आलं. त्याच्या पट्टीत होतं, 'बावीस वर्षे. एकही तक्रार नाही.' नावाशेजारच्या चित्रात त्याने बांधलेला तलाव होता, आणि पाण्यात बरीच डोकी दिसत होती, लहान लहान, रंगीत टोप्यांची. त्याने लिहिलं होतं, 'आधी अनुभव सांगा, मग बोला.'

मी पट्टी कोरीच ठेवली आणि पुढचा प्रश्न लिहायला घेतला.